वाद्यकाराची बोटे, श्वास आणि कान : मिरजेच्या तंतुवाद्य धंद्यातील सुरक्षा व भरपाई

मिरजेत सतार आणि तंबोरा घडतात ते बहुतांशी जमिनीवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर आणि पायांच्या पकडीत. भोपळा पायांत धरायचा, दांडी मांडीवर टेकवायची आणि पटाशी, रंधा, कानस हाताशी ठेवायची, अशी ही बैठक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून हा धंदा येथे उभा राहिला. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातले पहिले मोठे नाव. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय या धंद्याला लाभला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन वाद्याच्या नावाचे रक्षण करते. ते घडवणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी मात्र दुसऱ्याच कायद्यांकडे जावे लागते.

कामाची सुरुवात भोपळ्यापासून होते. सोलापूर जिल्ह्यातून आलेला वाळलेला भोपळा कापून पाण्यात भिजवतात, आतला कडू गर आणि रेषा खरवडून काढतात आणि पुन्हा वाळवतात. या ओल्या-सुक्या अवस्थेत त्यावर बुरशी धरू शकते. तिची धूळ वारंवार श्वासात गेली तर फुप्फुसांना ॲलर्जीजन्य सूज येते. कामानंतर काही तासांनी ताप आणि धाप, दुसऱ्या दिवशी बरे, असे तिचे रूप असल्यामुळे ती साध्या सर्दी-तापावर खपून जाते आणि दुखणे वर्षानुवर्षे आत मुरत राहते.

दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची, खुंट्या बहुधा शिसवीच्या. शिसवीच्या धुळीत त्वचेला चाळवणारी द्रव्ये असतात. मनगट, मान आणि पापण्यांवर खाज सुटते ती त्यांमुळे. याहून गंभीर धोका नाकाला आहे. इंग्लंडमध्ये हाय विकम परिसरातील फर्निचर कारागिरांत नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग नेहमीपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, हे १९६०च्या दशकात तेथील डॉक्टरांनी दाखवून दिले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणली. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे. रंध्याचे जाड छिलके खाली पडतात, त्यांची भीती कमी. पॉलिशपेपर आणि विजेच्या घासणयंत्रातून निघणारी बारीक धूळ हवेत तासन्‌तास तरंगते आणि खरा घात तीच करते. म्हणून धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारी नळी हा पहिला उपाय, नाकावर नीट बसणारा एन-९५ मुखवटा हा दुसरा. नाकावर गुंडाळलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. संध्याकाळी कोरडा झाडू मारणे किंवा हवेच्या झोताने बाक साफ करणे म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा श्वासात घेणे. ओले फडके पुरते.

आगीचा धोका दोन ठिकाणी असतो. पत्रीलाख विरघळवण्यासाठी वापरलेल्या स्पिरिटची वाफ सहज पेटते. नक्षीसाठी वापरला जाणारा खरा सेल्युलॉइड तर नायट्रोसेल्युलोजचा असतो. त्याच्या घडणीतच ऑक्सिजन असल्यामुळे वाळू टाकून तो विझत नाही आणि त्याचा धूर विषारी असतो. दिवसापुरताच माल हाताशी ठेवणे आणि उरलेला ज्योतीपासून दूर, वेगळ्या थंड जागी ठेवणे, एवढाच यावर भरवशाचा मार्ग आहे.

शेवटचे आणि सर्वांत नाजूक काम जवारीचे. घोडीचा पृष्ठभाग केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. यात हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची धूळ चेहऱ्याजवळ उडते, पण येथे खरे भांडवल कान आहे. पट्टाकरवत आणि ग्राइंडरच्या आवाजात वर्षे काढलेल्या माणसाची वरच्या पट्टीतील ऐकण्याची शक्ती आधी जाते, आणि जवारी नेमकी त्या वरच्या स्वरांशांवर उघडते. बोलणे ऐकू येते म्हणून कान शाबूत आहेत, हा समज या धंद्यात फार महाग पडतो. यंत्रावर काम करताना कानाला बोळे आणि जवारीसाठी यंत्रांपासून वेगळी खोली, ही व्यवस्था छोट्या कारखान्यालाही जमण्यासारखी आहे.

भरपाईचा पाया १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा आहे. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला, २०१० मध्ये त्याच्या नावात ‘वर्कमन’ऐवजी ‘एम्प्लॉयी’ आले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. मूळ तत्त्व तेच राहिले: कामामुळे आणि कामाच्या ओघात इजा झाली की मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. कायम पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. मृत्यूसाठी हेच प्रमाण ५० टक्के. अंशतः अपंगत्वासाठी तक्ता आहे. त्यात पूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के क्षमता गेली असे मानतात. ३५ वर्षांच्या, महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या कारागिराचा गुणक १९७.०६. ९,००० गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४० रुपये, आणि अंगठ्यासाठी त्याचे ३० टक्के, म्हणजे ५,३२,०६२ रुपये. तर्जनीसाठी हीच रक्कम सुमारे २ लाख ४८ हजार होते.

तर्जनी गेलेला पहारेकरी आणि तर्जनी गेलेला जवारी लावणारा यांना तक्ता एकाच मापाने मोजतो, हे उघडच अन्यायाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये यातून वाट दाखवली. ओडिशात एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्यात ही इजा अंशतः अपंगत्वाची. पण सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली हा निष्कर्ष न्यायालयाने कायम केला. वाद्यकाराच्या दाव्यात हाच निर्णय पुढे ठेवायला हवा.

आजारांचे प्रकरण अवघड आहे. सेंद्रिय धुळीमुळे होणारी फुप्फुसांची ॲलर्जीजन्य सूज आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा व्यावसायिक रोगांच्या यादीत आहेत. मात्र आजार उमटतो दहा-वीस वर्षांनी, तोवर कारागिराने चार दुकाने बदललेली असतात. कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी श्रवणचाचणी व फुप्फुसचाचणी करून कागद जपला, तरच दाव्याला आधार मिळतो.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. भरपाईला मालक आणि नोकर लागतात, आणि मिरजेतली बरीच दुकाने बाप, मुलगे, पुतणे यांची. स्वतःच्या दुकानात हात कापला तर दावा कोणावर करणार? विजेवर चालणाऱ्या वीसपेक्षा कमी कामगारांच्या जागेला कारखान्याचे नियम लागत नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी साधारण दहा माणसे लागतात. वर्षाला २० रुपये हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मृत्यू आणि पूर्ण अपंगत्वाला २ लाख देते. तिचा १ लाखाचा अंशतः लाभ एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेल्यास आहे; बोटासाठी काही नाही, आणि या धंद्यात जाते ते बोट. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार आणि शस्त्रकार आहेत, वाद्यकार नाही. या धंद्यासाठी व्यवसायनिहाय गटविमा, बोटांच्या इजेसह, ही मागणी म्हणूनच रास्त ठरते.

पगारी कारागिराने अपघात होताच मालकाला लेखी कळवावे आणि दवाखान्याच्या कागदावर इजा कामावर झाल्याची नोंद करून घ्यावी. वाद्यामागे मजुरी मिळत असेल तर दिलेल्या रकमांची वही महत्त्वाची, कारण वेतन तिच्यावरूनच ठरते. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते. थोडे पैसे देऊन हक्क सोडल्याची चिठ्ठी मालकाने लिहून घेतली असली, तरी ती कायद्यापुढे टिकत नाही.