साल चिवट, म्हणून बी जीएम?

गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘खत घरचं, फवारणी शून्य, तरी साल चिवट. म्हणजे बियाणंच जीएम असणार!’ आणि ऐकणारे माना डोलावतात.

भारतात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेला, टोमॅटो विकला जात नाही. मंडईत नाही, रोपवाटिकेत नाही, बियाण्याच्या पाकिटातही नाही. व्यावसायिक लागवडीसाठी आपल्या शेतकऱ्याच्या हाती कायदेशीरपणे आलेलं जीएम पीक म्हणजे २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. जगातला पहिला जीएम टोमॅटो, ‘फ्लेवर सेव्हर’, १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला आणि काही वर्षांतच गुंडाळला गेला. त्यातही फळ मऊ पाडणाऱ्या एका विकराला आवर घातला होता. सालीसाठी तो खटाटोप नव्हताच.

एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असतो : ‘हायब्रिड म्हणजे तेच ना?’ नाही हो! एका वाणाच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि तिला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, की झालं संकरित बी. जालना, देऊळगाव राजा भागातल्या शेडनेटमध्ये हे काम हातानं चालतं. बाहेरचं जनुक त्यात कुठेच घुसवलेलं नसतं.

मात्र बाजारी वाणांची साल जाड असते, ही तक्रार खरी आहे. नारायणगावला किंवा पिंपळगाव बसवंतला कॅरेटमध्ये भरलेला माल ट्रकनं परराज्यात जातो. तळातलं फळ फुटलं तर वरचंही नासतं आणि भाव पडतो. म्हणून पैदासकार वर्षानुवर्षं टणक, न फुटणारं फळच निवडत आले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित ‘अर्का रक्षक’ घट्ट आणि टिकाऊ फळासाठी ओळखला जातो. दिल्लीचा जुना ‘पुसा रुबी’ त्यापुढे मऊच. आणि आपण कुंडीत काय लावतो? बाजारातून आणलेला, फ्रीजच्या तळाशी नासलेला टोमॅटो मातीत कुस्करतो. ट्रकच्या प्रवासासाठी घडवलेल्या वाणाची ती पिल्लं. शेणखत घातलं म्हणून ती आईबापांचे गुण विसरत नाहीत.

वाणानंतरचं कारण पाणी आणि ऊन. टोमॅटोच्या फळावर पानांसारखी रंध्रं नसतात. क्युटिन आणि मेण यांचा थर त्याचं पाणी राखतो. कुंडीतली माती दुपारपर्यंत खडखडीत वाळते. पाणी कमी पडलं की गर पुरेसा फुगत नाही आणि फळ लहान राहतं. आता हिशेब करा : सहा सेंटिमीटरचा एक टोमॅटो आणि तेवढ्याच वजनाचे तीन सेंटिमीटरचे आठ. आठांची साल मिळून दुप्पट भरते. साल तितकीच जाड असली तरी दाताखाली ती जास्तच येणार. त्यात ‘फळाला ऊन लागू दे’ म्हणून हौसेनं पानं खुडली जातात. उघड्या उन्हात तापलेलं फळ आणखी राठ होतं. शिवाय पिकताना सालीत पिवळी रंगद्रव्यं साठतात आणि क्युटिनचा थर अधिकच ताठ होतो.

‘हा टोमॅटो प्लास्टिकचा आहे, साल शिजतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी थोडी गंमत : रसायनशास्त्राच्या हिशेबानं क्युटिन हे पॉलिएस्टरच आहे, पण झाडानं स्वतः केलेलं. उकळून ते विरघळत नाही, म्हणून सारात सालीच्या सुरळ्या तरंगतात. गावठी टोमॅटोच्याही तरंगतात.

बाकीचे समज किरकोळ. ‘अंड्याची टरफलं घाला, साल मऊ होईल’ : कॅल्शियमची कमतरता फळाच्या बुडाला काळा डाग आणते, तीही बहुधा अनियमित पाण्यामुळे, आणि टरफलं मातीत फार हळू विरघळतात. ‘चकाकतो म्हणजे वरून मेण लावलंय’ : मेण फळाचं स्वतःचंही असतं, घरच्या झाडावरचा टोमॅटो पुसून पाहा. ‘फ्रीजमध्ये साल जाड होते’ : जाड होत नाही, जातो तो सुगंध, फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की ५ अंशांवर ठेवलेल्या टोमॅटोत सुगंधी द्रव्यं बनवणारी जनुकंच मंदावतात.

पातळ सालीचा टोमॅटो हवा असेल तर ‘पुसा रुबी’सारख्या मऊ वाणाचं बी विकत आणा आणि पावसाळा सरता सरता रोप लावा, म्हणजे फळं थंडीत धरतील. कुंडीऐवजी मोठी बादली घ्या, मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या, पाणी रोज आणि बेतानं घाला. पानं राहू द्या. रंग फिरू लागला की फळ काढून घरात पिकवा. या वाणाचं फळ पिशवीत चेंगरतं, शेजाऱ्याकडे पाठवायचं तर डब्यातून पाठवा.