लहान होडी आणि मोठी नाव

नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा आमच्या सिल्वासावरून वाहत जाऊन दमण येथे अरबी समुद्रास मिळते. आमच्या गावास समुद्र नाही. तथापि समुद्राशी आमचा संबंधच नाही, असे मात्र कोणी समजू नये. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे एकच संघप्रदेश झाले आहेत. त्यामुळे दमणचे बंदर आणि दीवच्या वणाकबारा व घोघला येथील कोळीवस्त्या आता आमच्याच घरच्या झाल्या. दक्षिणेकडे डहाणू, सातपाटी, अर्नाळा, वसई आणि उत्तन ह्या किनाऱ्यावर आमच्या कित्येक वाचकांचे सगेसोयरे नांदत आहेत. आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांतील तरुण दरवर्षी पावसाळा सरला की खलाशी म्हणून गुजरातच्या बंदरांकडे जातात, हेही आपण पाहतोच.

किनाऱ्यावरील कुटुंबांकडून आम्हांस एक प्रश्न पुष्कळदा विचारण्यात येतो. घरी वडिलांची लहान होडी आहे. थोरल्या मुलाचे मत पडते की, ती विकून टाकावी, कर्ज काढावे आणि खोल समुद्रात जाणारी मोठी नाव बांधावी. वडील म्हणतात, होडीने आपणांस आजवर पोसले. आई गप्प असते, कारण कर्जाचा कागद झाला की तिचे दागिने प्रथम जातील हे तिला ठाऊक असते. अशा वेळी काय करावे? हा केवळ व्यापाराचा प्रश्न नव्हे. साऱ्या घराच्या भवितव्याचा आहे. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

प्रथम समुद्राकडे पाहू. बाहेरून तो एकच दिसतो. पण मच्छीमाराच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे मुलूख आहेत. किनाऱ्याजवळचे पाणी उथळ, गढूळ आणि भरती-ओहोटीच्या ओढीचे असते. मुंबईपासून उत्तरेस खंबातच्या आखाताकडे जावे तसतसा भरती आणि ओहोटी ह्यांतील फरक वाढत जातो, आणि ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो. ह्या पाण्यात मोठी नाव सहसा येऊ शकत नाही. आली तर रुतून बसते. खाडीचे तोंड गाळाने भरले म्हणजे तर तिला भरतीची वाट पाहत बाहेरच नांगर टाकून राहावे लागते. सातपाटीच्या खाडीतील गाळाचे दुखणे तेथील लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अशा वेळी मोठ्या नावेवरची मासळी काठावर कोण आणते? तीच लहान होडी!

लहान होडीचे स्वतःचेही काम आहे. उमरगाम-नारगोलपासून वसई-उत्तनपर्यंत डोल जाळ्याची मासेमारी चालते. हे जाळे म्हणजे एक लांबच लांब, शेवटाकडे निमुळती होत गेलेली पिशवी. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ती बांधतात आणि तिचे तोंड पाण्याच्या ओढीकडे करतात. ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी आत शिरतात. पाणी स्थिर होण्याच्या वेळेस जाळे वर घेऊन रिकामे करतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, ओढ जोराची असते, तेव्हा काम भरपूर. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी मंद आणि कामही मंद. मग जाळी दुरुस्त करावी, होडीला तेल लावावे, घरची कामे उरकावी. असा हा चंद्राच्या घड्याळावर चालणारा संसार आहे.

बोंबिलाच्या अंगात पाण्याचा अंश फार मोठा असतो, म्हणून तो लवकर खराब होतो. त्याला एक तर त्याच दिवशी बाजार दाखवावा लागतो, नाही तर बांबूच्या वलांडीवर घालून उन्हात सुकवावा लागतो. म्हणून जवळच्या पाण्यात जाऊन त्याच दिवशी परतणारी नाव त्याला सोयीची. उलट पापलेट, सुरमई, घोळ ही मासळी बर्फात काही दिवस टिकते आणि तिला भावही चांगला येतो. तिच्यासाठी दूर जाणे परवडू शकते. सातपाटीचे नाव झाले ते पापलेटामुळेच. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटास राज्यमासा म्हणून मान दिला, ह्यावरून त्याचे महत्त्व ध्यानी यावे.

आता मोठ्या नावेकडे वळू. पूर्वी शिडाच्या जोरावर मचवे दूर जात. वारा पडला की वल्ही हाती घ्यावी लागत. स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्थांच्या साह्याने नावांना इंजिने बसू लागली. आज किनाऱ्यावर कोणास नावेविषयी विचारले, तर तो लांबीऐवजी सिलिंडर सांगतो: एक सिलिंडरची, दोन सिलिंडरची, चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची. सहा सिलिंडरची नाव अनेक दिवस समुद्रावर राहते. तिच्यावर बर्फाची खणे, डिझेलची पिंपे, गोडे पाणी, शिधा, तांडेल आणि खलाशी, शिवाय दिशा व खोली दाखविणारी यंत्रे असतात. जुना तांडेल दोरीला शिसे बांधून वावांत खोली मोजी. आजचा तांडेल काचेच्या पडद्यावर तळ पाहतो.

तथापि एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. लहान होडीचा खर्च बहुधा मासळी मिळाल्यानंतरचा असतो. मोठ्या नावेचा खर्च ती बंदरातून हलण्यापूर्वीच झालेला असतो. डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांची उचल हे सारे आधीच रोख किंवा उधारीने द्यावे लागते. जाळे रिकामे आले तरी हा खर्च परत येत नाही. होडी दोन दिवस काठाला बांधून ठेवली तर तिला काही खायला घालावे लागत नाही; मोठी नाव मात्र बांधून ठेवली तरी व्याज खाते. म्हणूनच मोठी नाव असलेला मालक वादळाची सूचना मिळूनही कधी कधी खलाशांना परत बोलावण्यास कचरतो. फयान वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आणि तौक्ते मे २०२१ मध्ये ह्याच किनाऱ्यावरून गेले. दीव आणि ऊना ह्यांच्या परिसरातच तौक्ते जमिनीवर चढले. नावेच्या हप्त्यापायी कोणा आईचा मुलगा अशा वाऱ्यात राहू नये, एवढे तरी मालकांनी मनाशी ठरविले पाहिजे.

मग मोठी नाव घेऊच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. जवळच्या पाण्यात मासळी उणावत चालली आहे आणि होड्या पुष्कळ आहेत. साऱ्यांनीच किनाऱ्याला चिकटून राहिले तर कोणाचेच पोट भरणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मोठी नाव घेणाऱ्याने लहान होडी विकू नये. ज्या घरी दोन्ही आहेत, त्या घरास समुद्राच्या दोन्ही मुलखांतून भाकरी मिळते. इंजिन बिघडले तर होडी आहे. खलाशी मिळाले नाहीत तर बाप-लेक होडी घेऊन जवळ जाऊ शकतात. साठी उलटलेल्या वडिलांना दूरच्या फेरीचे कष्ट सोसत नाहीत. पण उधाणाच्या दिवशी सकाळी जाऊन दुपारी परतणे त्यांना जमते, आणि त्यांचे ज्ञान घरात वाया जात नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नावांना केंद्र शासनाची बंदी असते. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. खवळलेल्या पावसाळ्यात समुद्रात जावे असे आम्ही सुचवीत नाही. परंतु खाडीच्या आश्रयाला, निवळलेल्या दिवशी, घरापुरते कालवण ही होडीच आणून देते.

दोन्ही नावा बाळगणाऱ्या घरांवर एक जबाबदारीही येते. मोठ्या नावेने जवळच्या पाण्यात उतरू नये. ज्याच्या हाती बळ आहे त्याने दूर जावे आणि उथळ पाणी होडीवाल्यास राखून ठेवावे, हा साधा न्याय आहे. तो पाळला गेला नाही म्हणून कायदे करावे लागले. गोव्यात १९६० नंतर यांत्रिक ट्रॉलर वाढले आणि किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या गरीब रापणकारांच्या जाळ्यांत मासळी येईनाशी झाली. त्या रापणकारांत आमचे ख्रिस्ती बांधव पुष्कळ होते. माथानी साल्ढाणा ह्या शिक्षकाने त्यांना संघटित केले. त्या चळवळीच्या रेट्याने १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचा कायदा झाला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा यांत्रिक नावांना बंद झाला. महाराष्ट्राने १९८१ साली असाच अधिनियम केला. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने पर्सेसीन जाळ्यांवर कडक मर्यादा घातल्या, आणि २०१७ साली केंद्र शासनाने प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यास बंदी केली. कायदे आहेत, परंतु रात्रीच्या अंधारात समुद्रावर पोलीस थोडे आणि लोभ फार. म्हणून मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवाचून ह्या कायद्यांना बळ येत नाही.

दुसरा एक तंटा आमच्या अधिक जवळचा आहे. नावा मोठ्या झाल्या तसे वसई-उत्तनकडील डोलकर आपल्या कवी, म्हणजे डोलीचे खुंट, उत्तरेस दूरवरच्या पाण्यात रोवू लागले. सातपाटी-डहाणूचे जाळेवाले म्हणतात की, त्यामुळे आम्हांस जाळी सोडावयास जागा उरत नाही. डोलकर म्हणतात, समुद्र कोणा एका गावाचा नाही. दोन्हीकडे कष्टकरी माणसे आहेत, दोन्हीकडे ख्रिस्ती व हिंदू कोळी आहेत, आणि दोन्हीकडे कर्जाचे हप्ते आहेत. ज्यांच्या नावांवर क्रूस लावलेला असतो आणि हंगामाच्या आरंभी ज्यांच्या नावांना आशीर्वाद दिला जातो, त्यांनी तरी शेजाऱ्याचे जाळे कापून आपले जाळे भरू नये. लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग त्यांनी आठवावा. तेथेही काठाला दोन नावा होत्या. एका नावेचे जाळे भरून फाटू लागले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या नावेतील सोबत्यांना खुणावून बोलाविले. एकाच्या जाळ्यातील मासळीने दोन्ही नावा भरल्या.

खलाशांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या भागातील तरुण ज्या मोठ्या नावांवर जातात, त्यांतील काही सौराष्ट्राच्या पुढे पाकिस्तानच्या सागरी सीमेपर्यंत पोहोचतात. सीमा पाण्यावर दिसत नाही. चुकून ओलांडली, किंवा ओलांडली असा आरोप आला, की नाव जप्त होते आणि माणसे कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकून पडतात. दीवच्या आणि डहाणू-तलासरीच्या कित्येक घरांनी हे दुःख भोगले आहे. मालकाची नाव जाते. परंतु खलाशाच्या घरची चूल विझते. म्हणून ज्या पालकांचा मुलगा नावेवर जात असेल त्यांनी आधी विचारून घ्यावे: नाव कोणत्या बंदरात नोंदलेली आहे? तिचा परवाना चालू आहे काय? नावेवर प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे काय? मुलाचे ओळखपत्र आणि विमा आहे काय? उचल किती आणि हिशेब केव्हा? हे विचारण्यात लाज कसली? लाज न सांगणाऱ्याला वाटावी.

शेवटी, ज्या कुटुंबांना नाव घ्यावयाची आहे त्यांच्यासाठी आमचा सल्ला थोडक्यात देतो. सावकाराकडे जाण्यापूर्वी आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत जावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची माहिती मत्स्यव्यवसाय खात्याकडून लेखी घ्यावी. हप्त्याचा हिशेब चांगल्या वर्षावरून करू नये. वाईट वर्षावरून करावा, आणि त्यातून बंदीचे ६१ दिवस व वादळाचे दिवस वजा टाकावे. एका घरास मोठी नाव झेपत नसेल तर दोन-तीन भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी. मात्र नावेचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचा वाटा आधीच कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे पुढे भावकीत कलह माजत नाही. आणि निर्णयाच्या बैठकीत घरच्या बाईला बसवावे. मासळी बाजारात नेऊन तिचे पैसे करणारी, बोंबील वलांडीवर घालणारी आणि उधारी लक्षात ठेवणारी तीच असते. नाव किती मोठी असावी हे तिच्याइतके अचूक फार थोड्यांना सांगता येते.

हे सारे करून मोठी नाव पाण्यात उतरली, तर आम्हांस आनंदच होईल. मात्र त्या दिवशी जुन्या होडीलाही डांबर-तेलाचा एक हात द्यावा आणि ती काठाला जपून बांधून ठेवावी. मोठी नाव बाहेर नांगरून राहिली म्हणजे मासळी आणि माणसे घरी पोहोचविण्यास तीच येणार आहे.