ब्लॉकला पडलेलं भोक

खोपोलीच्या शिळफाट्याजवळ एका गॅरेजात मी अधूनमधून जाऊन बसतो. बोरघाटाच्या पायथ्याचं गॅरेज, त्यामुळे क्रेनला लटकून आलेली गाडी बघून तिथे कुणी उठत नाही. सुट्टीच्या दिवसांत तर रांग असते. कुणाचा रेडिएटर फुटलेला, कुणाची क्लचप्लेट जळलेली, कुणी नुसतंच गाडी गरम झाली म्हणून घाबरलेलं. पण त्या दुपारची गाडी दिसली तसा गॅरेजवाल्या मामांनी चहाचा कप बाजूला ठेवला. बॉनेटचा रंग मधोमध पांढुरका होऊन पोपडे सुटलेले, एका बाजूचा हेडलॅम्प वितळून बंपरवर ओघळलेला, आणि सगळ्यावर आग विझवायच्या सिलिंडरमधली पिवळट पावडर.

मालक क्रेनमधूनच उतरले. कर्जतचे गृहस्थ, पुण्याला निघालेले. "चालत्या गाडीनं अचानक पेट घेतला हो. शॉर्टसर्किट!" क्रेनवाल्यानं मान डोलावली. चहावाल्यानंही. गाडी जळाली की आपल्याकडे निदान तयारच असतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पण तेच छापून येतं, 'प्राथमिक अंदाजानुसार' असं पुढे लावून.

मामा काही बोलले नाहीत. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, पुठ्ठा अंथरला आणि टॉर्च घेऊन आडवे झाले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग आतूनच हाक आली, "या, बघायचं असेल तर."

इंजिनच्या ब्लॉकला, ऑइल चेंबरच्या जरा वर, भोक पडलेलं होतं. दोन बोटं सहज जातील एवढं. ॲल्युमिनियमच्या कडा तुटक्या, धारदार, आणि तुकडे बाहेरच्या बाजूला उडालेले. आत टॉर्च मारला तर कनेक्टिंग रॉडचं वाकडं टोक चमकलं. ब्लॉकच्या त्याच बाजूला, वीतभर अंतरावर, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड. "ऑइल इथून उडालं, तिथे पडलं. झालं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंजिन खाली उतरलं. इंजिन उघडायचं काम बघताना एक गोष्ट पक्की कळते, की घाईला त्यात जागाच नाही. आधी चेंबरचे बोल्ट. त्यात उरलेलं ऑइल मामांनी तसंच न ओतता एका उथळ ट्रेमध्ये काढलं आणि ट्रे उन्हात नेऊन तिरका केला. काळ्या तेलात चंदेरी कण लखलखत होते. जेमतेम अर्धा लिटर तेल निघालं. या गाडीत तीन लिटरच्या वर लागतं. चेंबरच्या पुढच्या कोपऱ्याला पोचा आलेला आणि पोच्याच्या कडेला केसासारखी चीर. मालकांना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं, आठ-दहा दिवसांपूर्वी गावाकडच्या रस्त्यावर खालून दगडाचा दणका बसला होता. गाडी चालत होती, म्हणून ते विसरूनही गेले होते.

मग रॉडच्या कॅप सुटल्या. प्रत्येक रॉड जिथे क्रँकला धरतो तिथे बेरिंगच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. पोलादाची पाठ आणि वर मऊ मिश्रधातूचा पातळ थर. एका सिलिंडरच्या पट्ट्या अजून बऱ्यापैकी होत्या, पुसून हातात घेतल्या तर राखाडी, गुळगुळीत. दुसऱ्याच्या ओरबाडलेल्या. तिसऱ्याच्या पट्ट्या एकमेकींवर चढून कागदासारख्या पातळ झालेल्या. चौथ्याच्या जवळपास नव्हत्याच, ट्रेमधले कण म्हणजे त्याच. तिथला क्रँकचा गोलवा निळा पडला होता. पोलाद निळं पडायला तीनशे अंशांच्या आसपास ताप लागतो.

एरवी क्रँक या बेरिंगवर टेकतच नाही. दोघांमध्ये 0.03 ते 0.05 मिलिमीटरची फट असते, माणसाच्या केसाहून कमी. तिथे दाबाखाली आलेल्या तेलावर क्रँक तरंगत असतो. 3000 आरपीएमला म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे. हे तेल तिथवर कसं पोचतं ते मामांनी क्रँक उचलून दाखवलं. क्रँकच्या अंगातच आरपार छिद्रं पाडलेली असतात, मेन बेरिंगकडून रॉडच्या बेरिंगकडे जाणारी. भोक करंगळीपेक्षा बारीक. तेल कमी झालं, घाटाच्या चढाला आणि वळणाला चेंबरमधलं उरलंसुरलं एका बाजूला गेलं, की पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि या भोकातून काहीच येत नाही. धातूवर धातू घासायला लागतो. आधी टकटक, मग ठोके. बेरिंग संपलं की रॉडला खेळायला जागा होते, बोल्ट ताणले जाऊन तुटतात, आणि एका बाजूनं मोकळा झालेला रॉड फिरत्या क्रँकच्या तडाख्यात सापडून ब्लॉकची भिंत फोडतो. हे शेवटचं काम एका सेकंदाच्या आत होतं. 'अचानक' हा शब्द खरा आहे तो एवढ्यापुरताच.

पुढचं आगीचं. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दमवलेली असली की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सहाशे अंशांच्या पुढे जाऊ शकतो. इंजिन ऑइल साधारण दोनशेच्या पुढे गेलं की त्याची पेटण्याजोगी वाफ निघायला लागते आणि पुरेशा तापलेल्या धातूवर पडलं तर ठिणगीशिवायही पेटतं. आधी भपकन पांढरानिळा धूर, जळक्या तेलाचा उग्र वास; मग बॉनेटच्या आतलं लाइनिंग, प्लास्टिकची कव्हरं, रबरी होज. पेट्रोलची नळी त्यानंतर. इंजिन फिरायचं थांबलं की पेट्रोलचा पंपही बंद होतो, पण नळीत दाब उरलेला असतो. आणि लोक काय करतात? गाडी बंद पडली म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतात. पंपाला तेवढंच हवं असतं.

मामा लेथवाल्याकडे क्रँक द्यायच्या आधी एक काम स्वतः करतात, कुणावर सोपवत नाहीत. क्रँकच्या प्रत्येक भोकात रॉकेल सोडायचं, तार फिरवायची, मग कंप्रेसरची हवा मारायची. एका भोकाला हवा मारली तर दुसऱ्या टोकाशी बोट धरून बघायचं. ग्राइंडिंग होऊन क्रँक परत आला की हेच सगळं पुन्हा. "लेथचा कीस आत राहिला तर महिन्यात परत येईल गाडी," ते म्हणाले. त्यांच्या हाताखालच्या पोऱ्यानं एकदा हवा न मारता क्रँक बसवायला घेतला होता, त्यावरून काय ऐकावं लागलं ते तो मला हसत सांगत होता.

हा कीस किती महागात पडतो, याचा मोठा दाखला अमेरिकेत घडलेला आहे. ह्युंदाईच्या थीटा टू जातीच्या इंजिनांत, अलाबामातल्या कारखान्यात क्रँकची भोकं पाडताना निघालेला धातूचा चुरा पूर्ण साफ झाला नव्हता. तो तेलाबरोबर बेरिंगपर्यंत जायचा, तेलाची वाट अडायची, बेरिंग जायचं आणि काही गाड्यांत रॉड ब्लॉक फोडून बाहेर यायचा. चालत्या गाड्या हायवेवर बंद पडल्या, काही पेटल्या. 2015 च्या सप्टेंबरात कंपनीनं 2011 आणि 2012 सालच्या सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा परत बोलावल्या. 2017 मध्ये ह्युंदाई आणि किआ मिळून आणखी दहा लाखांवर. मधल्या काळात, 2016 मध्ये, कंपनीतलेच एक इंजिनिअर किम ग्वांग-हो कागदपत्रं घेऊन अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेकडे गेले. परत बोलावणी वेळेत आणि पुरेशी केली नाहीत, या कारणावरून 2020 मध्ये दोन्ही कंपन्यांशी 21 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी किम यांना 2 कोटी 40 लाख डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं. मला त्या प्रकरणात रस आहे तो आकड्यांमुळे नाही. सुरुवातीला तिथेही गाडीमालकांना विचारलं जायचं, ऑइल वेळेवर बदललं होतं का, पावत्या आहेत का. एकेकट्या गाडीचं बघितलं तर प्रत्येक इंजिन मालकाच्या हलगर्जीपणानंच गेल्यासारखं दिसतं. शेकडो इंजिनांची बेरिंगं एका टेबलावर आली तरच कारखान्याचा हात दिसतो. आपल्याकडे तसं टेबलच नव्हतं. 2010 मध्ये नॅनो पेटल्याच्या घटना झाल्या, तेव्हा टाटांनी एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं, पण ते त्यांच्या मर्जीनं. सदोष गाड्या परत बोलवायला लावायचा अधिकार केंद्र सरकारला कायद्यानं मिळाला तो मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत.

शॉर्टसर्किटनं गाड्या जळतच नाहीत असं नाही. रिले न लावता जोडलेले जादा हॅलोजन, बाजारातून बसवलेला मोठा हॉर्न, मूळ वायरिंग कापून जोडलेला टेप, आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. उंदीर नुसत्या वायरी खात नाहीत, इंजिनवर सुकं गवत, चिंध्या आणून घरही करतात. सर्व्हिसिंगनंतर विसरलेलं पुसायचं फडकं एक्झॉस्टला लागून पेटल्याचंही मामांनी पाहिलेलं आहे. सीएनजीवाल्यांनी दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करून घ्यायची असते, त्याची तारीख बहुतेकांना प्लेट वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

पण वायरीवरून कारण ठरवणं फसवं असतं. या गाडीच्या जळलेल्या वायरिंगमध्येही तांब्याच्या तारेच्या टोकाला बारीक गोल मणी सापडला. तांबं 1085 अंशांना वितळतं. नुसत्या आगीत तारेवर असा नेटका मणी सहसा होत नाही, तो वीज उडाल्याचा. मालकांनी लगेच मोबाइलमध्ये फोटो काढला. मामांनी त्यांना शांतपणे सांगितलं, की बाहेरून आग लागली तरी वायरीचं आवरण जळतं, तारा एकमेकींना चिकटतात आणि बॅटरी जोडलेली असली तर मणी होतोच. शॉर्टसर्किट झालं होतं, यात शंका नाही. ते आगीच्या आधी की नंतर, एवढाच प्रश्न.

आग विझवली ती मागून आलेल्या एका ट्रेलरवाल्यानं. मालक बॉनेट उघडायला गेले तर त्यानं त्यांना मागे ओढलं, बॉनेट फक्त चारेक बोटं उचललं आणि फटीतून पावडर मारली. बॉनेट सताड उघडलं की हवा मिळून भडका उठतो आणि तोही तोंडावर. हे त्याला कुणी शिकवलं होतं की अनुभवानं आलं, कोण जाणे. मालकांच्या गाडीत आग विझवायचा सिलिंडर नव्हता. तुमच्या गाडीत आहे का?

डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तेलाच्या झारीचं चित्र असलेला, त्याच्याविषयी मात्र मामांचं डोकं फिरतं. लोकांना वाटतं तो तेल कमी झाल्याचं सांगतो, म्हणजे पेट्रोलच्या काट्यासारखा. थोडं पुढे जाऊन टाकू. पण बहुतेक गाड्यांत तो तेलाची पातळी बघतच नाही. दाब उरला नाही, हे सांगतो. तो चालत्या गाडीत लागला की त्या क्षणी बाजूला घेऊन चावी बंद करायची. पुढच्या पंपापर्यंत नाही, घाट चढून लोणावळ्यापर्यंत नाही. पातळी बघायला ऑइलची पट्टी असते, ती बाहेर ओढून बघायला पैसे पडत नाहीत. मालकांनी पहिल्याच दिवशी, क्रेनमधून उतरल्या उतरल्या सांगून टाकलं होतं, "खोपोलीतच तो दिवा लागला होता हो, म्हटलं घाट चढून लोणावळ्याला दाखवू."

चौथ्या दिवशी विम्याचा सर्व्हेअर आला. तरुण मुलगा, गळ्यात कॅमेरा. त्यानं ब्लॉकचे, बेरिंगच्या पट्ट्यांचे, चेंबरच्या पोच्याचे फोटो काढले आणि एस्टिमेटचे सरळ दोन भाग केले. एकीकडे बॉनेट, हेडलॅम्प, वायरिंग, होज: आगीत गेलेलं, पॉलिसीत बसणारं, रबर-प्लास्टिकवर निम्मी घट धरून. दुसरीकडे ब्लॉक, क्रँक, रॉड: यांत्रिक बिघाड, पॉलिसीच्या बाहेर. दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

मालकांनी मामांना बाजूला घेतलं. आगीच्या तापानं ब्लॉक फुटला, असं सांगता येईल का? मामांनी मान हलवली. ॲल्युमिनियम तापानं गेलं तर वितळून ओघळतं, 660 अंशांना; असं आतून बाहेर फुटत नाही, आणि निळा पडलेला क्रँक तर आगीपासून लांब, इंजिनच्या पोटात होता. मग मालकांनी दगडाचं काढलं. चेंबरला दगड लागला, म्हणजे अपघातच ना? अपघात पॉलिसीत बसतो.

हा मुद्दा खोटा नव्हता. सर्व्हेअरनंही तो मान्य केला, चेंबर पहिल्या भागात घेतला. पण अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यानं नुकसान वाढलं तर ते मालकाच्या जोखमीवर, अशी अट त्याच पॉलिसीत असते. त्यानं फाइल उघडली, पेन काढलं आणि विचारलं, "ऑइलचा दिवा नेमका कुठे लागला होता?"

मालकांनी मामांकडे बघितलं.

"साहेब, माझ्याकडे काय बघता," मामा म्हणाले. "ते तुम्हाला विचारतायत."