ट्रॉली घेताय? आधी तिचं मोकळं वजन विचारा

आज आपण बोलणार आहोत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. तिच्यात ९ ते १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसोबत ट्रेलरही येतो. काही गट कर्ज काढून ट्रॉली घेतात आणि भाड्यानं देतात. पैसा कुठूनही येवो, तो गटातल्या सगळ्या बायांचा असतो. म्हणून ट्रॉली बघायला जाताना एक प्रश्न पक्का ठेवायचा : हिचं मोकळं वजन किती?

मोकळं वजन म्हणजे माल न भरता ट्रॉलीचं स्वतःचं वजन. आरसी बुकात त्याला ‘अनलेडन वेट’ म्हणतात. मालासकट जास्तीत जास्त जेवढं वजन चालतं, ते एकूण वजन. एकूण वजनातून मोकळं वजन वजा केलं की उरतो आपला माल. ऊस कारखान्यावर जातो तेव्हा गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी तोलतात आणि वजाबाकी करतात. हिशोब तोच आहे.

आता विकणारा सांगतो, “ताई, दीड टनाची ट्रॉली आहे.” दीड टन माल, की ट्रॉली धरून दीड टन? हे तिथंच विचारून घ्या. एक उदाहरण घेऊ. समजा दोन ट्रॉल्या आहेत, दोन्हींचं एकूण वजन २,००० किलो. पहिलीचं मोकळं वजन ५०० किलो, दुसरीचं ७०० किलो. पहिलीत १,५०० किलो माल बसेल, म्हणजे ५० किलोच्या ३० गोण्या. दुसरीत १,३०० किलो, म्हणजे २६ गोण्या. कांद्याच्या १२० गोण्या बाजारात न्यायच्या असतील तर पहिलीला चार खेपा लागतील, दुसरीला पाच. एका खेपेचं डिझेल, ड्रायव्हरची मजुरी आणि वेळ वाढला. शिवाय परत येताना ट्रॉली रिकामी असली तरी ते जादा लोखंड ट्रॅक्टर ओढतच असतो.

मग हलकी तीच चांगली का? तसं नाही. वजन कशात कमी केलंय ते बघायचं. तळाचा पत्रा पातळ आहे का? खालचा सांगाडा, ॲक्सल, टायर बारीक आहेत का? शेणखत ओलं असतं, त्यानं पातळ पत्रा लवकर गंजतो. मुरूम आणि दगड टाकले की तो वाकतो. ज्या गटाला मुरूम-माती वाहायची आहे त्यांनी थोडी जड पण दणकट ट्रॉली घ्यावी. कडबा, चारा वाहायचा असेल तर वजनाच्या आधी जागाच भरते. तिथं हौद्याची लांबी-रुंदीही बघावी लागते.

तुलना करताना दोन्ही ट्रॉल्या सारख्याच अवस्थेत असाव्यात. सांगितलेल्या वजनात टायर, बाजूचे फाळके, ओढायचा दांडा आणि ट्रॉली उलटायचा जॅक धरलाय का, ते विचारा. नंतर उंच फाळके बसवले की मोकळं वजन वाढतं आणि माल तेवढा कमी भरावा लागतो.

तोंडी आकड्यावर थांबू नका, वजनकाट्यावर जा. ट्रॅक्टर आणि रिकामी ट्रॉली एकत्र तोला. मग ट्रॉली सोडून एकटा ट्रॅक्टर तोला आणि वजाबाकी करा. ड्रायव्हर दोन्ही वेळा बसलेला असावा, नाहीतर दोन्ही वेळा खाली उतरलेला. ट्रॉली जोडलेली ठेवून फक्त तिचीच चाकं काट्यावर घेतली, तर दांड्याचा थोडा भार ट्रॅक्टरवर राहतो आणि वजन कमी दिसतं. काट्याची पावती गटाच्या फाइलला लावा.

एवढी काटेकोर मोजणी कशाला, असं कुणी म्हणेल. पण कायदा एकूण वजन बघतो. मोकळं वजन कमी सांगितलेलं असेल, तर आपण बरोबर माल भरला असं समजतो आणि गाडी जादा भरलेली निघते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे त्याला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. दंडापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. मिनी ट्रॅक्टर मुळात हलका, त्याला ती आवरत नाही. म्हणून आपला ट्रॅक्टर किती वजन ओढू शकतो, हेही कंपनीच्या पुस्तकात बघून घ्या. ट्रॉलीवरचा आकडा मोठा असला तरी ट्रॅक्टरला झेपेल तेवढंच आपलं.

तर मैत्रिणींनो, तीन ठिकाणची कोटेशनं आणाल तेव्हा वहीत किमतीशेजारी आणखी तीन रकाने आखा : मोकळं वजन, एकूण वजन आणि प्रत्यक्ष माल. विकणाऱ्याला हे आकडे कोटेशनवर लिहून सही करायला सांगा. मग ती वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचा आणि ठरवा. लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडं आगाऊ रक्कम देऊ नका.