मोठ्या वयात नर्स होता येते का?

करावे, बेलापूर, घणसोली, कोपरखैरणे ही आगरी-कोळी लोकांची जुनी गावे. १९७० साली सिडको स्थापन झाली. या गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसू लागली. भाताची शेते गेली, मिठागरे गेली. त्या जागी रस्ते आले, इमारती आल्या आणि मोठमोठी इस्पितळेही आली.

या इस्पितळांत पुष्कळ बाया कामाला जातात. कोणी फरशी पुसते, कोणी आयाचे काम करते. रोज डोळ्यांसमोर नर्सबाई दिसते. ती नाडी बघते, सुई देते, डॉक्टरांशी बोलते. एखादीच्या मनात येते, "हे काम मलाही जमलं असतं. पण आता कसली शाळा? आता वय झालं."

खरेच वय झाले का? हाच प्रश्न आम्ही आज घेतला आहे.

उत्तर थोडक्यात असे. शाळेला वयाची वरची अट नाही. नर्सिंगला आहे. पण नर्सिंगचे पहिले दार वेळेवर ओलांडले, तर पुढे वय आडवे येत नाही. म्हणून या वाटेच्या पायऱ्या नीट समजून घेऊ.

पहिली पायरी शाळेची. दहावी राहून गेली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. तिथे वय निदान १४ लागते. वर मर्यादा नाही. तिशीची बाई बसली तरी चालते, पन्नाशीची बसली तरी चालते. रोज वर्गात जावे लागत नाही. घरी अभ्यास करावा आणि परीक्षा द्यावी. राज्याच्या मंडळाची दहावी-बारावी बाहेरून देणाऱ्यांसाठी १७ नंबरचा अर्ज असतो. तो जवळच्या हायस्कुलात विचारावा. दहावीनंतर बारावीला दोन वर्षे धरावी. बारावीला इंग्रजी विषय जरूर घ्यावा. पुढे त्यावाचून अडते.

दुसरी पायरी ए. एन. एम. म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविका. हा शिक्षणक्रम बायकांसाठी आहे. मुदत दोन वर्षे. बारावी झालेली लागते. प्रवेशाच्या वेळी वय १७ ते ३५ असावे लागते. आम्ही म्हटले ते दार हेच. गावच्या उपकेंद्रात लसी टोचणारी, गरोदर बाईला तपासणारी सिस्टर असते ना? तिने हाच शिक्षणक्रम केलेला असतो.

तिसरी पायरी जी. एन. एम. हा तीन वर्षांचा शिक्षणक्रम. इस्पितळातली पुरी नर्स इथे तयार होते. इथेही नव्या माणसाला ३५ वर्षांची मर्यादा आहे. पण जी बाई आधीच ए. एन. एम. झाली आहे, तिला ती मर्यादा लागू नाही. छत्तिसाव्या वर्षी गेली तरी तिला घेता येते. पुरुषांनाही हा शिक्षणक्रम खुला आहे. मात्र त्यांनी पस्तिशीच्या आत यायला हवे.

चौथी पायरी पदवीची. जी. एन. एम. झालेल्या नर्सला आणखी दोन वर्षे शिकून बी. एस्सी. नर्सिंगची पदवी घेता येते.

पाचवी पायरी नवी आहे. तिला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात.

ही नर्स काय करते? अतिदक्षता विभागात अगदी अत्यवस्थ रोगी असतात. तिथे क्षणाक्षणाला निर्णय घ्यावा लागतो. ही नर्स रोग्याला स्वतः तपासते. लक्षणे ओळखते. ठरवून दिलेल्या लेखी नियमांप्रमाणे तपासण्या सांगते, उपचार सुरू करते. ती डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या जोडीने काम करते. पण साध्या नर्सपेक्षा तिची जबाबदारी मोठी असते.

ही कल्पना अमेरिकेतली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सबाईंनी आणि हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांनी असे शिक्षण प्रथम सुरू केले. फोर्डबाईंनी खेड्यापाड्यांत काम केले होते. डॉक्टर नसला म्हणजे मुलांचे कसे हाल होतात, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या देशात भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेच्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा शिक्षणक्रम २०१६ च्या सुमारास आखला. त्यासाठी नर्सिंगची पदवी आणि निदान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. यात पुस्तक थोडे आणि रोग्याजवळचे काम फार. बाळंतपणासाठीही अशीच १८ महिन्यांची वाट २०१८ साली केंद्र सरकारने आखून दिली.

आता हिशेब मांडू. समजा, एक बाई २७ वर्षांची आहे. तिची आठवी झालेली आहे.

दहावी झाली तेव्हा वय २८.
बारावी झाली, वय ३०.
ए. एन. एम. झाली, वय ३२.
जी. एन. एम. झाली, वय ३५.
पदवी मिळाली, वय ३७.
एक वर्ष नोकरी केली, वय ३८.
नर्स प्रॅक्टिशनर झाली, वय ४०.

हा हिशेब एकही वर्ष वाया न जाता केलेला आहे. प्रत्यक्षात एखादे वर्ष इकडेतिकडे होईल. कोणी म्हणेल, "बाप रे, तेरा वर्षं!" पण यात एक गोम आहे. ए. एन. एम. झाली की कमाई सुरू होऊ शकते. जी. एन. एम. झाली की आणखी बरी नोकरी मिळू शकते. म्हणजे प्रत्येक पायरीवर भाकरी आहे. तिथे थांबले तरी नुकसान नाही. आणि शिकले नाही तरी चाळिसावे वर्ष काही चुकत नाही.

लोक हसतील का? हसतील. पूर्वीही हसत होते. रमाबाई रानडे लग्नानंतर अक्षरे शिकल्या. घरातल्या बायकांनाच ते खपत नव्हते. पुढे त्यांनी आणि इतर मंडळींनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे विधवा आणि मोठ्या वयाच्या बाया शिकायला आल्या. त्यातल्या काहींना ससून इस्पितळात नर्सचे काम शिकायला पाठवले. परक्या माणसाची शुश्रूषा करणे त्या काळी हलके काम समजत. त्या बाया मागे हटल्या नाहीत. आज त्याच कामाला मान आहे.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी.

पहिली. "सहा महिन्यांत नर्स व्हा," अशा पाट्या जागोजागी दिसतात. अशा वर्गांतून फार तर मदतनीस होता येते, नर्स होता येत नाही. खऱ्या नर्सचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदलेले असते. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "हे शिकल्यावर परिषदेत माझी नोंदणी होईल का?" उत्तर लेखी मागावे. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नयेत. नवी मुंबई परिसरात नेरूळ आणि कामोठे येथे नर्सिंगची कॉलेजे आहेत. तिथे स्वतः जाऊन फी, शिष्यवृत्ती आणि त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम विचारावे. सरकारी संस्थांत फी कमी असते. तिथेही चौकशी करावी.

दुसरी. शाळा घरी बसून होते, नर्सिंग होत नाही. त्याला रोज हजर राहावे लागते. पाळ्या कराव्या लागतात, रात्रपाळीसुद्धा. तेव्हा घरात आधीच बोलावे. पोरांना कोण बघेल, चूल कोण सांभाळेल, हे ठरवावे. नवऱ्याने आणि सासूबाईंनी हात दिला तर अर्धी परीक्षा तिथेच पास झाली.

आणि ज्यांचे वय पस्तिशीपुढे गेले आहे आणि हातात काहीच शिक्षण नाही, त्यांचे काय? त्यांना खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. नव्याने नर्स होण्याची वाट त्यांना बंद आहे. पण दहावीची वाट उघडी आहे. खेड्यात आशाताई होण्यासाठी २५ ते ४५ वयाच्या बाया घेतात. रुग्णसेवा सहायकाचे कामही आहे.

परंतु वाचणाऱ्या ताईंचे वय तिशीच्या आसपास असेल, तर त्यांनी थांबू नये. ए. एन. एम. च्या दारात पस्तिशीच्या आत पोचायचे, तर दहावीची तयारी फार तर बत्तिसाव्या वर्षी सुरू झाली पाहिजे. आजच बोटांवर आपला हिशेब करावा. मग शाळा सोडल्याचा दाखला शोधावा. पहिले काम तेच.