दिवा धरणारी लेक

बोटांच्या आडोशाने ज्योत सांभाळणाऱ्या स्त्रीचे चित्र कित्येक मराठी घरांत असते. नगरास आमच्या माजघरातही आहे. आणि ते राजा रविवर्म्याचे, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे निःशंकपणे सांगत आलो! थोरल्या सूनबाईंनी चूक दाखविली, तेव्हा प्रथम आम्हांस रागच आला. वस्तुतः रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे जलरंगचित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. चित्रातील स्त्री कोणी देवता नव्हे, पुराणातील नायिका नव्हे. ती चित्रकाराची स्वतःची कन्या.

हॉलंडच्या व्हर्मीरने १६६० च्या सुमारास दूध ओतणारी मोलकरीण रंगविली. बाह्या वर सारलेल्या, दृष्टी धारेवर. पाहणाऱ्याची तिला दखलच नाही. आपल्या धुरंधरांनी रॉथफेल्डसाहेबांच्या १९२० च्या ग्रंथाकरिता रेखाटलेल्या स्त्रिया सुरेख खऱ्या, परंतु त्यांत वेश आणि जात आधी दिसते, काम मागाहून. हळदणकरांच्या चित्रात मात्र मुखाइतकाच हात बोलतो. तिन्हीसांजेस तुळशीपाशी दिवा नेताना आमच्या मातोश्रींची बोटे अशीच तांबूस उजळत.

तसबिरीमागे आता चित्रकाराचे नाव लिहून ठेविले आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीही कृपया दुरुस्ती करून घ्यावी.