पडल्यापडल्या घेरी!

धुळ्याच्या एकवीरेच्या यात्रेत चक्री पाळण्यातून उतरले की जमीन फिरू लागते, हे साक्रीच्या पोरांनाही ठाऊक आहे. पण निश्चल पडलेल्या माणसाला घेरी यावी, ती कशाने? एमआरआय यंत्रातील लोहचुंबकाने!

नेहमीचे दीड टेस्लाचे यंत्र घ्या. पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे ३०,००० पट त्याचा जोर. तरी त्यात पुष्कळांना काही जाणवत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात डेल रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी ७ टेस्लाच्या यंत्रात, अंधारात निजवलेल्या माणसांचे डोळे तपासले व २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुबुळे आपोआप एका बाजूस सरकत आणि झटक्याने परतत. ज्यांच्या कानातील तोलाचे इंद्रियच निकामी होते, त्यांचे डोळे मात्र स्थिर राहिले. चोर सापडला तो कानात! तेथील द्रवातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो; चुंबक त्याला रेटा देतो, द्रव ढकलला जातो आणि मेंदू समजतो, आपण फिरतो आहोत.

तेव्हा तपासणीत गरगरले, तर वडीलधाऱ्यांनी घाबरू नये. बाहेर आल्यावर ते ओसरते. मात्र चटकन उठू नये. क्षणभर बसावे, कोणाचा हात धरावा, मगच पाऊल टाकावे. गरगर थांबलीच नाही, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.